शनैः शनैः

आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक २५.

बाबा निवृत्त झाल्यापासून गावी जाताना दिवा-सावंतवाडी गाडीच पकडतात. मी म्हटलं, "वंदे भारतचं तिकीट काढतो ना!" तर म्हणाले, "३५ वर्षं फास्ट लोकलला लटकलो रे. आता घाई नाही. तूच ये एकदा."

गेलो. रोह्यापुढे कोकण रेल्वे बहुतेक एकेरी मार्गाची. क्रॉसिंगला आमची गाडी बाजूच्या लाईनीवर उभी, एक्सप्रेस धडधडत पुढे. मी दर वेळी घड्याळ बघायचो. बाबा भातशेती बघत नाम घेत होते.

या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की, धीर धरून बुद्धीने मन हळूहळू शांत कर, आत्म्यात स्थिर कर. 'हळू' हा शब्द ते दोनदा उच्चारतात. मला मात्र ध्यानसुद्धा दहा मिनिटांत लागायला हवं असतं!

चिपळूणनंतर मोबाईल खिशात टाकला. बाबांनी डबा उघडला. कित्येक वर्षांनी आम्ही दोघं निवांत बोललो. गाडी धावत असती, तर हे राहूनच गेलं असतं.

आज सिग्नलला किंवा कोडचं बिल्ड होईपर्यंत थांबावं लागलं, तर चिडू नका. क्रॉसिंग आहे समजा, नाम घ्या.

राम कृष्ण हरी!