जीर्णोद्धार आणि प्लास्टिकची खिडकी

एखादी वस्तू नादुरुस्त होते तेव्हा तिच्यातले नेमके काय नष्ट होते, आणि ती दुरुस्त होते तेव्हा पूर्वीचीच वस्तू टिकते की तिच्या जागी दुसरी उभी राहते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी घट, पट आणि रथ या दृष्टान्तांच्या आधारे शतकानुशतके चर्चिला आहे. धर्मशास्त्राने याच प्रश्नाला जीर्णोद्धाराच्या, म्हणजे मोडकळीस आलेले देवालय, मूर्ती, विहीर किंवा तलाव पुन्हा प्रतिष्ठित करण्याच्या, विधींतून व्यावहारिक उत्तर दिले. या दोन्ही परंपरांसमोरच्या वस्तू माती, सूत, लाकूड, दगड आणि धातू यांच्या होत्या. आजच्या शहरी घरांत मात्र यूपीव्हीसी या कठीण प्लास्टिकच्या चौकटीची खिडकी रूढ होत आहे, आणि तिच्या बाबतीत हा जुना प्रश्न अधिक टोकदार होतो. कारण हे द्रव्य कुजत नाही, गंजत नाही, आणि टाकून दिले तरी नाहीसे होत नाही. अशा वस्तूची दुरुस्ती हा केवळ काटकसरीचा विषय राहत नाही; ज्या द्रव्याला विसर्जन नाही त्याच्यापासून केलेली वस्तू जीर्ण ठरवण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा पोहोचतो, हा धर्मविचाराचा विषय होतो.

प्रथम या वस्तूची घडण पाहिली पाहिजे. पीव्हीसी हे क्लोरिनयुक्त बहुवारिक, म्हणजे एकाच लहान रेणूच्या लांबलचक साखळ्यांचे द्रव्य असून त्याच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग क्लोरिनचा असतो. त्यात लवचीकपणा आणणारी द्रव्ये न मिसळल्यास ते ताठ राहते, आणि या ताठ प्रकारालाच यूपीव्हीसी म्हणतात. उन्हातील अतिनील किरणांनी ते ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, पोकळ पट्ट्यांना बळकटी यावी म्हणून आत जस्तलेपित पोलादी पट्टी बसवतात, आणि चारही कोपरे उष्णतेने वितळवून एकमेकांना जोडतात. या चौकटीत काच, काचेच्या कडेचे रबर, काच धरून ठेवणारी बीडिंगची पट्टी, बिजागऱ्या किंवा रोलर, कुलूप आणि हँडल असे अनेक भाग एकत्र येतात. नेहमीचे बिघाड जवळजवळ सगळे या जोडभागांचे असतात: रोलर झिजतो, रबर आक्रसून कोपऱ्यात फट पडते, बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजतात. मूळ चौकट क्वचितच बिघडते. तरीही घरमालकाच्या तोंडी वाक्य येते ते ‘खिडकी गेली’ असे, आणि अवयवाचा दोष अवयवीवर लादण्याची ही सवय हाच येथे तात्त्विक परीक्षणाचा विषय आहे.

न्याय-वैशेषिक दर्शनात भागांना अवयव आणि त्यांच्यापासून निर्माण झालेल्या अखंड वस्तूला अवयवी म्हणतात, आणि अवयवी हा अवयवांच्या बेरजेहून वेगळा, स्वतंत्र पदार्थ मानला जातो. कापड निर्माण होण्यास धागे हे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य कायमचे वास करते ते कारण, असते. धाग्यांचा परस्पर संयोग हे असमवायी कारण असते. आणि विणकर, माग वगैरे निमित्त कारणे असतात. द्रव्य शाबूत असूनही केवळ संयोग बिघडल्याने वस्तू बिघडू शकते, हा या विभागणीतून निघणारा मोलाचा निष्कर्ष होय, आणि बाहेर उघडणाऱ्या खिडकीचा पल्ला खाली ओघळतो तेव्हा तो अगदी जवळून पाहता येतो. पल्ल्याची खालची कड चौकटीला घासू लागते, कुलूप जागेवर बसत नाही, आणि बिजागरी बदलण्याचा सल्ला मिळतो. परंतु पुष्कळदा बिजागरी, पट्टी आणि काच यांपैकी काहीच बिघडलेले नसते. पोकळ प्लास्टिकची चौकोनी चौकट स्वतःच्या बळावर काटकोन राखू शकत नाही. तिचा काटकोन राखते ती आत बसलेली काच. त्यासाठी काच आणि पट्टी यांच्या मधल्या फटीत, बिजागरीच्या बाजूला खाली आणि तिच्या समोरच्या तिरप्या कोपऱ्यात वर, प्लास्टिकचे चपटे तुकडे ठोकून बसवलेले असतात, ज्यांच्यामुळे पल्ल्याचा भार काचेतून तिरपा उतरून बिजागरीच्या तळाशी पोहोचतो. हे तुकडे सरकले की पल्ला ओघळतो. बीडिंग काढून ते पुन्हा योग्य जागी बसवले की तो उचलला जातो. येथे एकही अवयव बदलला जात नाही, फक्त अवयवांचा संयोग पूर्ववत होतो, आणि तेवढ्याने वस्तू परत मिळते.

दुसरा प्रसंग अधिक कठीण आहे. दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांच्या मध्ये कोरड्या हवेची किंवा आरगॉनसारख्या वायूची बंदिस्त पोकळी असते. काचांच्या कडेने फिरणाऱ्या पोकळ पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात आणि बाहेरून चिकट लेपाने सर्व काही मोहोरबंद केलेले असते. हा लेप कालांतराने सुटला की बाहेरची दमट हवा आत शिरते, दाणे ओलाव्याने तृप्त होतात, आणि मग काचांच्या मधोमध असे धुके साठते की ते आतून किंवा बाहेरून कितीही पुसले तरी जात नाही. अशा वेळी चौकट तशीच ठेवून, बीडिंग काढून, काचांची ती मोहोरबंद जोडी तेवढी त्याच जाडीची नवी आणून बसवता येते. पण मग खिडकीचा मोठा दृश्य भागच बदललेला असताना खिडकी तीच राहिली असे म्हणता येईल काय? वैशेषिकांचे काटेकोर उत्तर नकारार्थी आहे. कापडाचा एक भाग फाटला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या धाग्यांपासून ‘खंडपट’ नावाचा नवा अवयवी निर्माण होतो, असे ते मानतात. ‘हे तेच कापड’ ही ओळख साम्यामुळे होते. बौद्धांचे उत्तर याहून मूलगामी आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद याच्याशी बोलताना स्थविर नागसेन रथाचा दृष्टान्त घेतो आणि दाखवतो की चाके, आस, दांडी यांच्यापलीकडे रथ नावाची वस्तू कुठेच नसून ‘रथ’ ही व्यवहारासाठी दिलेली संज्ञा आहे. या दृष्टीने जी कधी वेगळी अशी नव्हतीच, ती खिडकी जाण्याचा किंवा राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जैन दर्शन या दोहोंपेक्षा वेगळी वाट धरते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त सत् या संकल्पनेची व्याख्या उत्पत्ती, व्यय आणि ध्रुवता या तिन्हींनी युक्त अशी केली आहे, म्हणजे प्रत्येक वस्तूत नवी अवस्था उपजते, जुनी जाते आणि द्रव्य टिकून राहते. मात्र या मतानुसार खिडकी हे ध्रुव द्रव्य नव्हे. ती पुद्गलाची, म्हणजे रूप-रस-गंध-स्पर्श असलेल्या जड द्रव्याची, एक अवस्था आहे. प्लास्टिकच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. चौकट उखडून टाकली असता ‘खिडकी’ ही अवस्था त्या दिवशी संपते, परंतु तिचे पुद्गल कचराभूमीवर तसेच पडून राहते. वस्तू टिकते की नाही याविषयी दर्शनांत मतभेद असले, तरी तिचे द्रव्य टाकणाऱ्याच्या इच्छेने संपत नाही, याची येथे प्रत्यक्ष प्रचीती येते.

व्यवहाराचा निर्णय धर्मशास्त्राकडे येतो तो याच ठिकाणी. ‘विष्णुधर्मसूत्रा’च्या ९१ व्या अध्यायात विहीर, बाग, तलाव आणि देवालय यांची पुन्हा नीट व्यवस्था लावणाऱ्यास मूळ निर्मात्याइतकेच फळ मिळते असे सांगितले आहे, आणि दुरुस्तीला निर्मितीच्या बरोबरीचे स्थान देणारे हे विधान पूर्तधर्माचा, म्हणजे लोकोपयोगी बांधकामांच्या पुण्यविचाराचा, एक आधार मानले जाते. ‘अग्निपुराणा’च्या ६७ व्या अध्यायात जीर्ण मूर्तीचा विधी येतो: लाकडाची मूर्ती अग्नीत, दगडाची पाण्यात, आणि धातूची किंवा रत्नाची अगाध जलात सोडावी, आणि तिच्या जागी त्याच मापाची व त्याच द्रव्याची नवी मूर्ती स्थापावी. त्याच पुराणाच्या १०३ व्या अध्यायात मात्र प्रतिष्ठित शिवलिंग, ते सुस्थितीत असो वा दुःस्थितीत, सहसा हलवू नये असे बजावून, स्थापनेसाठी जे प्रमाण शंभराचे ते हलवण्यासाठी हजाराचे सांगितले आहे. या विधींतून दोन तत्त्वे हाती लागतात. एक असे की बदली भाग मूळ भागाच्या मापाचा आणि जातीचा असावा. आणि दुसरे असे की जे बसलेले आहे ते हलवण्याचा भार नवे बसवण्याच्या दसपट जड मानावा, म्हणजेच वस्तू जीर्ण झाली हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती काढू पाहणाऱ्यावर असावी.

याच विधींत प्लास्टिकपुढची खरी अडचणही उघड होते. शास्त्राने प्रत्येक द्रव्यासाठी निरोपाचा मार्ग नेमून दिला, कारण प्रत्येक द्रव्य कोणत्या ना कोणत्या महाभूतात परत जाऊ शकत होते किंवा निदान तेथे निर्धोकपणे राहू शकत होते. यूपीव्हीसीसाठी असा मार्ग नाही. ते जाळल्यास त्यातील क्लोरिनमुळे हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो आणि अपुऱ्या उष्णतेत डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात. पाण्यात टाकल्यास ते विरघळत नाही. जमिनीत पुरल्यास कुजत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्तींच्या विसर्जनाने महाराष्ट्राला या अडचणीची एक बाजू यापूर्वीच दाखवून दिली आहे. चौकटीचे प्लास्टिक दळून पुन्हा वापरता येते हे खरे, परंतु त्यासाठी पोलाद, रबर आणि काच त्यापासून वेगळी करावी लागतात, आणि तशी सोय हाताशी नसेल तर ‘पुनर्वापर होईल’ हे आश्वासन पोकळ ठरते. म्हणून ज्या द्रव्याला सद्गती नाही, त्याच्या वस्तूचे आयुष्य वाढवणे हाच त्या द्रव्याविषयीचा धर्म होय.

यावर एक आक्षेप वैराग्याच्या बाजूने संभवतो: वस्तूंना इतके जपणे म्हणजे आसक्तीच नव्हे काय? याचे उत्तर ज्यांनी अवयवीचे अस्तित्वच नाकारले त्या बौद्धांच्या आचारात सापडते. विनयपिटकाच्या ‘चुल्लवग्गा’त राजा उदेन हा भिक्षू आनंदाला विचारतो की दानात मिळालेल्या एवढ्या चीवरांचे तो काय करणार, आणि आनंद सांगतो की ती जीर्ण चीवरांच्या भिक्षूंना वाटली जातील; जुन्या चीवरांचे पलंगपोस होतील, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, त्यांची पुढे जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, झाडण्याची फडकी होतील, आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपली जाईल. ज्यांना वस्तूत सार दिसत नव्हते त्यांनीच तिचा शेवटचा धागा वाया जाऊ दिला नाही. आसक्ती उलट नव्या वस्तूच्या ओढीत असते. जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्याला ती ओढ आवरावी लागते.

दुसरा आक्षेप असा की प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीचे नियम बाजारातून आणलेल्या खिडकीला लावणे हा अतिप्रसंग, म्हणजे नियमाची मर्यादेबाहेर ओढाताण, आहे. हा आक्षेप पावित्र्यापुरता मान्य करावा लागतो. येथे घ्यायची आहे ती केवळ निर्णयाची रीत. शिवाय महाराष्ट्रात खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे मांडून पूजतात तेव्हा आधी ती घासूनपुसून, तेलपाणी करून स्वच्छ केली जातात. व्यवहारातील वस्तूची निगा आणि तिचा आदर यांत लोकाचाराने भिंत उभी केलेली नाही.

अर्थात दुरुस्तीच्या नावाखाली केलेले प्रत्येक काम दुरुस्ती ठरत नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पावसाचे पाणी शिरणारच असे गृहीत धरून चौकटीच्या बाहेरच्या अंगाला निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. ती धूळ, सिमेंट आणि मेलेल्या किड्यांनी बुजली की पावसाळ्यात पाणी रूळ भरून घरात उतरते. अशा वेळी गळती थांबवण्यासाठी बाहेरून सिलिकॉनचा लेप फासताना ती छिद्रेच बंद केली जातात आणि दोष कायमचा होतो. खरे तर बारीक तारेने छिद्रे मोकळी करून रुळात तांब्याभर पाणी ओतले, आणि ते बाहेर पडताना दिसले, की काम संपते. द्रव्याचा स्वभाव न जाणता केलेली दुरुस्तीही अशीच फसते. दीड मीटर लांबीची यूपीव्हीसीची पट्टी तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे ३ मिलिमीटरने लांबते, त्यामुळे उन्हाळ्यात अडकणारा पल्ला तासून काढला तर हिवाळ्यात त्याच जागी फट पडते. कारण न शोधता लक्षण झाकणे ही दर्शनाच्या भाषेत हेतूविना केलेली अनुमिती होय.

तेव्हा निर्णयाचा क्रम असा ठरतो: आधी संयोग तपासावा, मग बदलता येण्याजोगा अवयव त्याच मापाचा आणि जातीचा बसवावा, आणि सर्वांत शेवटी समवायी कारणाकडे, म्हणजे चौकटीकडे, वळावे. वितळवून जोडलेला कोपरा उकलला असेल, पट्टी उन्हाने ठिसूळ होऊन तडकली असेल, किंवा आतले पोलाद गंजून बिजागरीचे स्क्रू धरेनासे झाले असतील, तर ती चौकट खरोखर जीर्ण आहे आणि ती बदलण्यात दोष नाही. याव्यतिरिक्त केवळ एक रबर, एक रोलर किंवा धुरकटलेली काच यांच्यापायी अख्खी खिडकी काढणे हा जीर्णोद्धार नव्हे. शास्त्राच्या कसोटीवर ते जे जीर्ण नाही त्याचे अकारण उत्थापन आहे, आणि त्याचा दोष काढणाऱ्यावर राहतो.