बापाच्या मांडीवरचे मौन

ज्याचे कर्म त्याने भोगावे, एकाचे दुःख दुसऱ्यास उचलून नेता येत नाही, हा सिद्धांत आपल्या घराघरांत इतका मुरलेला आहे, की चौदा-पंधरा वर्षांचे एखादे मूल अन्नावरची वासना उडून, खोलीचे दार लावून, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले आणि शाळेतील एखाद्या सुज्ञ बाईंनी त्यास समुपदेशकाकडे नेण्याचे सुचविले, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न बहुधा हाच निघतो, की परक्या माणसाशी तासभर बोलून मनाचे दुःख कसे जावे? हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झिडकारण्याजोगा नाही. आपला उद्धार आपणच करावयाचा असतो असे गीता सांगते. मनाला उद्देशून केलेला उपदेश समर्थांनी घरोघरच्या मुलांच्या मुखी दिला. मग अजून वयातही न आलेल्या जीवाच्या अंतःकरणात तिऱ्हाइताच्या शब्दास प्रवेश कोठून, आणि त्यास अधिकार तरी कोणता? मला वाटते, याचे उत्तर बाहेरून आणण्याची गरज नाही. आपल्याच परंपरेच्या दप्तरात ते आहे.

योगवासिष्ठाचा आरंभ एका किशोरवयीन मुलाच्या खिन्नतेपासून होतो, ही गोष्ट तो ग्रंथ श्रद्धेने वाचणाऱ्यांच्याही ध्यानात सहसा राहत नाही. विद्याभ्यास आटोपून आणि तीर्थयात्रा करून अयोध्येस परतलेला राम अजून सोळा वर्षांचाही झालेला नाही; तो दिवसेंदिवस कृश होत जातो, नित्यकर्मे सेवकांनी विनविले तरच करतो, गालाला हात लावून बसून राहतो, आणि भोजन, अलंकार, मित्रमंडळी यांपैकी कशातच त्याचे चित्त लागत नाही. दशरथ त्यास मांडीवर घेऊन पुनःपुन्हा विचारतो, की बाळा, तुला झाले तरी काय? आणि राम, मला कसलेच दुःख नाही, एवढे सांगून मौन धरतो. ज्या पित्याने यज्ञ करून हे मूल मिळविले आणि ज्याचा प्राण त्याच्यातच गुंतलेला, त्याच पित्याच्या मांडीवर मुलाची वाचा बंद व्हावी, यात पित्याच्या प्रेमात काही उणे होते असे मुळीच नाही. माझी तर अशी समजूत आहे, की ते प्रेम इतके उत्कट होते म्हणूनच ती बंद झाली; कारण आपण बोललो तर समोरचा म्हातारा जीव कोसळेल, हे पोरास त्याच्या डोळ्यांत दिसत असते, आणि त्यास सांभाळण्यासाठी ते ‘काही नाही’ म्हणते. आजही कोणत्याही घरात मुलाकडून मिळणारे हेच उत्तर आईबाप उद्धटपणाचे समजतात. पुष्कळदा त्यात केवळ करुणा असते.

पुढे विश्वामित्र येतो. तो राजाकडे आला आहे आपल्या यज्ञाच्या रक्षणासाठी, परंतु मुलाची अवस्था ऐकून त्यास सभेत आणवितो आणि त्याच्या खिन्नतेचे कारण विचारतो. आणि मग राम जो बोलू लागतो तो जवळजवळ वीस सर्ग बोलतच राहतो. संपत्ती, अहंकार, तृष्णा, तारुण्य, काळ या सर्वांवर तो विरक्तीने बोलतो, आणि बाल्यावस्थेलाही सोडत नाही. त्या वयात गुरूचे, आईचे, बापाचे, लोकांचे आणि वयाने मोठ्या पोरांचे भय मनात कसे दाटलेले असते, हे तो सांगतो. भरल्या राजसभेत एकही माणूस त्यास मध्ये तोडत नाही. तुला काय कमी आहे, असे कोणी विचारीत नाही. तुझ्या वयात आम्ही काय सोसले, असे कोणी सुनावीत नाही. वसिष्ठांचा प्रदीर्घ उपदेश सुरू होतो तो हे ऐकणे पुरे झाल्यानंतर. रामाचे वैराग्य आणि आजच्या मुलाचा विषाद एकच आहेत असे मी म्हणत नाही, कारण एकात ज्ञानाची तहान आहे आणि दुसऱ्यात बहुधा नुसता थकवा. पण आधी श्रवण आणि मग वचन हा जो क्रम त्या ग्रंथकाराने पाळला, तोच समुपदेशनाचा गाभा आहे.

अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी आपल्या कामाचा आरंभ रोचेस्टर शहरातील हालात सापडलेल्या आणि वाट चुकलेल्या मुलांमध्येच केला, आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी असे प्रतिपादन केले, की समोरच्याचा निरपेक्ष स्वीकार, त्याच्या जागी उभे राहून समजून घेण्याची शक्ती आणि स्वतःचा खरेपणा, ही समुपदेशकाची मुख्य साधने होत. ही तीन एकत्र आली म्हणजे मुलाच्या मनात जे आकारहीन असते त्यास हळूहळू शब्द येतात. गणितात नापास झालो, यावरून मी निकामी आहे, आणि मी निकामी आहे, यावरून माझ्यावाचून घरच्यांचे बरे चालेल, अशी जी भयंकर अनुमाने मूल एकट्याने रात्री करीत असते, ती मोठ्याने उच्चारली गेली की त्यांतील एकेक पायरी तपासता येते. ही तपासणी समुपदेशक करीत नाही. प्रश्न विचारून तो ती मुलाकडूनच करवून घेतो, म्हणजे उद्धार करणारा शेवटी ज्याचा तोच राहतो. आठ-दहा वर्षांखालील मुलास तर आपले दुःख शब्दांत मांडताच येत नाही. त्याचे दुःख शाळेच्या वेळेस पोटदुखी होऊन येते, अंथरूण ओले होऊन येते, धाकट्या भावंडास मारून येते. म्हणून त्याच्यापुढे बाहुल्या, रंग, माती ठेवावी लागतात आणि खेळातून त्याची कैफियत ऐकावी लागते. हे शास्त्र आपल्याकडे काल-परवा आले अशी समजूत चुकीची आहे; सर दोराबजी टाटा यांच्या नावाने मुंबईत 1936 साली निघालेल्या समाजकार्याच्या शिक्षणसंस्थेने दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते. इतका काळ लोटूनही आपल्या मध्यमवर्गास त्या दाराची पायरी चढताना कोणी पाहिले तर काय, याची धास्ती वाटते.

या धास्तीमागे पुन्हा कर्माचाच विचार आहे. मुलाच्या मनाचा आजार म्हणजे पूर्वजन्मीचे काहीतरी, किंवा आपल्या संस्कारांत राहून गेलेले न्यून, असे आईबाप मनात धरतात आणि लाजेने ते झाकतात. वस्तुतः योगवासिष्ठाच्या दुसऱ्याच प्रकरणात वसिष्ठांनी दैववादाचा जितक्या त्वेषाने समाचार घेतला आहे तितका क्वचितच कोणी घेतला असेल. दैव म्हणजे मागे केलेला प्रयत्नच, आणि आजच्या प्रबळ प्रयत्नाने तो जिंकता येतो, असे ते त्या खिन्न मुलास प्रथम सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 सालच्या अहवालात देशभरातील 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा, 1,764, आपल्या महाराष्ट्राचा आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या भूमीने हा आकडा दैवाच्या खाती टाकून स्वस्थ बसावे, हे मला अधर्म्य वाटते.

आता कुटुंबास सर्वांत जड जाणारी गोष्ट. मूल समुपदेशकाशी जे बोलले ते आईबापांस सांगितले जाईलच असे नाही, आणि ‘आम्ही जन्म दिला, फी आम्ही भरतो, मग आम्हांपासून चोरी कसली?’ असा सवाल येतो. या सवालात मुलाच्या मनावर मालकी हक्क गृहीत धरलेला आहे, आणि तो हक्क मला मान्य नाही. आईबाप मुलाच्या मनाचे मालक नसून काही मुदतीपुरते त्या ठेवीचे वहिवाटदार आहेत. ठेव सांभाळणे त्यांचे कर्तव्य, पण ती उघडून मोजीत बसण्याचा अधिकार त्यांस नाही. गुप्ततेस मर्यादा अवश्य आहेत. मुलाच्या जिवास धोका असेल तर समुपदेशक गप्प राहत नाही. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर 2012 च्या कायद्याने ती वर्दी देणे प्रत्येकास बंधनकारक आहे. मूल स्वतःच मरणाची भाषा बोलू लागले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. अहोरात्र चालणारी ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर आहे, आणि संकटातील बालकांसाठी 1098 आहे. या मर्यादांपलीकडे मात्र ‘आज काय काय बोललास?’ ही घरी परतल्याबरोबर होणारी उलटतपासणी बंद झाली पाहिजे.

कुटुंबाने मग करावयाचे काय, याचे उत्तर शोधताना मला कठोपनिषदातील नचिकेता आठवतो. बाप यज्ञात मरणोन्मुख गाई दान करीत आहे हे पाहून अस्वस्थ झालेला तो मुलगा विचारतो, की मला कोणास देणार? तीनदा विचारल्यावर बाप संतापून म्हणतो, तुला मृत्यूस दिला. कोणत्या घरात परीक्षेचा निकाल हाती धरून असे काहीतरी बोलले गेलेले नाही! मुलगा खरोखरच यमाच्या दारी जातो, तीन रात्री उपाशी राहतो, आणि यम त्यास तीन वर देऊ करतो. आपण सर्वजण तिसऱ्या वराची, मृत्यूपलीकडच्या ज्ञानाची, थोरवी गातो. पण त्या पोराने पहिला वर कोणता मागितला? माझ्या पित्याचे मन शांत व्हावे, त्याचा माझ्यावरील राग जावा, आणि मी परत जाईन तेव्हा त्याने मला ओळखून माझ्याशी बोलावे. ब्रह्मविद्येच्या आधी त्यास हे हवे होते. समुपदेशकाच्या खोलीत मुले जे मागतात ते, थोड्याफार फरकाने, हेच असते. आणि हा वर देणे यमाच्या हाती असले तरी समुपदेशकाच्या हाती नाही, तो घरच्यांनीच द्यावयाचा असतो.

म्हणून समुपदेशक आईबापांसही बोलावतो, आणि तेव्हा बहुधा आई एकटीच येते. वडिलांनी रजा काढून यावे. आजीने अंगारा लावला, देवापुढे निरांजन लावून नातवासाठी नाम घेतले, तर त्यात काही बिघडत नाही, उलट त्या स्पर्शाने पोरास धीरच येतो. मात्र तुझी श्रद्धा कमी पडते म्हणून तुला असे होते, हे वाक्य त्याच्या कानी पडू देऊ नये. डॉक्टरांनी औषध दिले असेल तर शेजारणीच्या सल्ल्याने ते थांबवू नये. मूल दार लावून बसले असता मुक्ताबाईचे स्मरण ठेवावे. रुसून आत बसलेल्या ज्ञानदेवांची ताटी त्या लहानग्या बहिणीने बाहेरून तोडली नाही, ती उघडण्याची विनवणी करीत ती बाहेर बसली, आणि तिने धरलेली चिकाटी धाकदपटशाहून फार वेगळी होती.

आणखी एक अपेक्षा सोडावी लागते. चार भेटींत मूल पूर्वीसारखे होईल, अभ्यासास लागेल, आम्ही नेमून दिलेली शाखा घेईल, असा जणू मक्ता समुपदेशकास दिल्यासारखे पालक बोलतात. अठरा अध्याय सांगून झाल्यावर श्रीकृष्णानेदेखील अर्जुनास, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर, असेच सांगितले. साक्षात भगवंताने जो निर्णय शिष्यावर सोडला तो आपण पंधरा वर्षांच्या मुलाकडून हिसकावून घ्यावा, हे कोणत्या शास्त्रात बसते? सावरलेले मूल पुष्कळदा आधीपेक्षा कमी आज्ञाधारक होते. ते ‘नाही’ म्हणू लागते, विज्ञान सोडून चित्रकलेचा अर्ज आणते, वडिलांच्या डोळ्यांस डोळा देऊन बोलते, आणि घरास वाटते की उपचार बिघडला. अशा वेळी पुढची भेट मुलाऐवजी आईबापांनी स्वतःसाठी मागून घ्यावी, आणि त्या दिवशी मुलास खुशाल खेळावयास पाठवावे.