न केलेल्या कर्माचे फळ

केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला मिळालेच नाही तर त्या दोषास ‘कृतनाश’ म्हणावे, आणि न केलेल्या कर्माचे फळ कुणाला भोगावे लागले तर त्यास ‘अकृताभ्यागम’ म्हणावे, असे भारतीय दर्शनकार सांगतात. हे दोन्ही दोष टळावेत म्हणूनच कर्मसिद्धान्त मानणे त्यांना आवश्यक वाटले. प्लॅस्टिकमधील रसायनांनी या जुन्या वादाला एक अवघड उदाहरण पुरवले आहे.

बिस्फेनॉल ए (बीपीए) या रसायनापासून पॉलिकार्बोनेट हे कडक, पारदर्शक प्लॅस्टिक तयार होते, आणि शरीरात शिरल्यावर हे रसायन इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाची नक्कल करते. 1998 साली क्लीव्हलंड येथील पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे प्लॅस्टिकचे पिंजरे चुकून तीव्र क्षाराने धुतले गेले, प्लॅस्टिक झिजून त्यातील बिस्फेनॉल बाहेर पडू लागले, आणि केवळ तुलनेसाठी ठेवलेल्या माद्यांच्या बीजांडांतही गुणसूत्रांच्या वाटणीत एकाएकी बिघाड दिसू लागला. पुढे 2007 साली त्याच गटाने दाखवले की गर्भवती मादीला हे रसायन दिल्यास तिच्या पोटातील मादी-गर्भाच्या बीजांडांवर परिणाम होतो. स्त्रीची बीजांडे तिच्या स्वतःच्या जन्माआधीच तयार होत असतात; मानवी मुलीच्या गर्भात पाचव्या महिन्याच्या सुमारास ती साठ-सत्तर लाख असतात. म्हणजे गर्भवती आजीच्या देहात आई असते आणि आईच्या देहात नातीचे बीज असते, आणि आजीने घेतलेला घोट तिघींपर्यंत पोहोचू शकतो.

उंदीर म्हणजे स्त्री नव्हे, हे खरेच. बीजांडकोशाच्या पीसीओएस या विकारात रक्तातील बिस्फेनॉलचे प्रमाण अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत, परंतु त्यातले कारण कोणते आणि कार्य कोणते हे त्यांवरून ठरत नाही. तरीही माणसांत असे घडू शकते याचा दाखला प्लॅस्टिकबाहेर मिळतो: गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना दिल्या गेलेल्या डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनमुळे त्यांच्या तरुण मुलींना योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो, हे 1971 साली बोस्टनमध्ये उघड झाले.

अशा मुलीचे दुःख तिच्याच प्रारब्धात होते, असे म्हटले की अकृताभ्यागम तर्काने टळतो खरा, पण ज्याने रसायन बनवले आणि विकले तो कर्ता मात्र अलगद दृष्टीआड होतो. बौद्ध मतात चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्माचे मर्म. आणि इथे कुणाचाच तसा हेतू नव्हता. जैन आचार्य उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र अधिक उपयोगी पडते, कारण त्यातील हिंसेच्या व्याख्येच्या केंद्रस्थानी प्रमाद आहे. प्रमाद म्हणजे निष्काळजीपणा, सावध राहण्यात केलेली कसूर. ज्याने दक्षता सोडली, त्याला मारण्याचा संकल्प नसला तरी दोष लागतो.

आता प्रमाद कुणाचा, हे कालक्रमावरून बरेचसे कळते. बिस्फेनॉल ए इस्ट्रोजेनसारखे वागते, हे चार्ल्स डॉड्स यांनी 1936 सालीच प्रसिद्ध केले होते, आणि पॉलिकार्बोनेटचे कारखाने उभे राहिले ते 1950च्या दशकात. जी गोष्ट छापून आलेली होती तिच्याविषयीचे अज्ञान हा बचाव प्रमादाच्या कसोटीवर टिकत नाही.

प्रत्यक्षात प्रायश्चित्त मात्र भलत्याच व्यक्तीच्या वाट्याला आले. प्लॅस्टिकच्या डब्यात अन्न गरम करू नये, पाण्यासाठी स्टीलची बाटली वापरावी, दुकानातली गुळगुळीत छापील पावती फार वेळ हातात धरू नये, असे उपदेश गर्भवतीलाच केले जातात. ते चुकीचे नाहीत. पण सोवळ्याओवळ्याचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरावर टाकणाऱ्या समाजाला ही विभागणी खटकत नाही, यात नवल नाही. दरम्यान ‘बीपीए-मुक्त’ असे लेबल लावलेल्या वस्तूंत अनेकदा बिस्फेनॉल एस आले, आणि 2018 साली हंट यांच्याच प्रयोगशाळेने तेही उंदरांच्या प्रजननपेशींत तसाच बिघाड करते असे दाखवले. या वेळी तर धोक्याची सूचना 1936 सालच्या एखाद्या शोधनिबंधात दडलेली नव्हती, ती लेबलावरच छापलेली होती.