रात्रीची ट्यूब

रात्री चेहऱ्याला काय लावावं, असं कुणी विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं, सध्या काय लावताय? कारण पुष्कळ घरांत या प्रश्नाचं उत्तर मेडिकलवाल्याने कधीच देऊन ठेवलेलं असतं. एक छोटी ट्यूब. रात्री लावून झोपा, आठ दिवसांत फरक दिसेल.

आणि फरक दिसतो, हेच तर दुखणं आहे. अशा कितीतरी ट्यूबांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असतात. वांगावर काही आठवडे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं हे औषध आपल्या मुली गोरं होण्यासाठी वर्षानुवर्षं लावतात. त्यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. सुरुवातीला चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते. ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग आग होते, म्हणून मुलगी घाबरून पुन्हा तीच लावते. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मागितली की मिळतात. याचा मला मनापासून राग येतो. सावळ्या रंगाला दोष मानलं, तिथूनच ही ट्यूब घरात आली.

त्वचेचं रात्रीचं मागणं खरं तर थोडकं असतं. दिवसाची धूळ, घाम, सनस्क्रीन धुऊन काढायचं, पण अंगाच्या साबणाने नाही. साबणाचा पीएच 9-10, त्वचेचा 5च्या आसपास. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. सौम्य फेसवॉश घ्यावा. रात्री त्वचेतून पाणी जास्त उडतं, म्हणून चेहरा किंचित ओला असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मुरुमांसाठी डॉक्टरांनी ट्रेटिनॉइनसारखं रेटिनॉइड दिलं असेल तर ते रात्रीच लावायचं, कारण ट्रेटिनॉइन उजेडात टिकत नाही. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं पुरतं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर मात्र ते लावायचं नाही.

रेटिनॉइडचा गुण यायला आठ-बारा आठवडे जातात. त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच तरुणपणी महिनाभर लागतो, वय वाढेल तसा आणखी. आठ दिवसांचा वायदा करणाऱ्या ट्यूबकडे म्हणूनच संशयाने बघायला हवं.

आज दात घासताना आरशामागची ती ट्यूब हातात घ्या. बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव आहे का, पाहा. असेल आणि बरेच दिवस लावत असाल, तर मनानेच एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, जाताना ट्यूब सोबत न्या, आणि किती दिवस लावली ते न लाजता सांगा.