हरवलेली अमानत

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथे एका रात्री इशाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ बसून राहिला. तो सरकारी नोकरीत आहे. गोपनीय शिक्का असलेले काही कागद प्रवासात त्याच्या हातून हरवले होते. चार दिवस झाले, तरी त्याने वरिष्ठांना कळवले नव्हते. नोकरी जाईल या भीतीने घरच्यांनीही गप्प राहण्यास सांगितले होते. तो म्हणाला, "मौलाना, मी तौबा केली आहे. अल्लाहने झाकलेला दोष मी का उघडा करावा?"

वाचकहो, हा प्रश्न सहज झटकता येण्यासारखा नाही. आपले पाप चारचौघांत सांगत फिरू नये, ही इस्लामचीच शिकवण आहे. परंतु ज्या चुकीची झळ इतरांना लागू शकते, तिथे मौनाने दोष झाकला जात नाही, धोका वाढतो. फिक्हनुसार योग्य काळजी घेऊनही अमानत नष्ट झाली, तर सांभाळणाऱ्यावर भरपाई येत नाही. हयगय केली किंवा अमानतच नाकारली, तर येते. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियमही गोपनीय कागदांची वाजवी काळजी न घेणे हा गुन्हा मानतो.

जाणूनबुजून गुपित फोडणे याहून गंभीर. मे २०२३ मध्ये पुण्यातील डीआरडीओचे शास्त्रज्ञ प्रदीप कुरुलकर यांना पाकिस्तानी हेराला माहिती दिल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. आरोप म्हणजे निकाल नव्हे. केवळ नावावरून आपल्यावर संशय घेतला की आपल्याला वेदना होतात. म्हणून निकालाआधी कोणालाही दोषी ठरवण्याची घाई आपण तरी करू नये.

हिजरी सन ८ मध्ये हजरत हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांनी मक्केवरील मोहिमेची गुप्त वार्ता पत्राने कुरैशांना कळवू पाहिली. प्रेषितांनी (स.) प्रथम हजरत अली (रजि.) व त्यांच्या साथीदारांना पाठवून ते पत्र हस्तगत केले. मग हातिब यांना कारण विचारले. मक्केतील आपल्या निराधार कुटुंबाची काळजी त्यांनी खरेपणाने सांगितली. हजरत उमर (रजि.) कठोर शिक्षेसाठी आग्रही होते, प्रेषितांनी (स.) हातिब यांचे सत्य मान्य केले व बद्रच्या लढाईतील त्यांच्या सहभागाची आठवण करून दिली. तरीही त्या कृत्याला कुरआनने चूकच म्हटले. आधी धोका थांबवणे, मग ऐकून घेणे आणि त्यानंतर निर्णय करणे, असा हा क्रम आहे.

मी त्या तरुणाला म्हणालो, "फजर होताच साहेबांकडे जा. काय, कोठे, केव्हा हरवले ते लिहून दे. एक दिवसही कमी करून सांगू नकोस. रोजी देणारा अल्लाह आहे." तो गेला. त्याची चौकशी अजून चालू आहे.

हजरत अनस (रजि.) लहान असताना त्यांनी प्रेषितांचे (स.) गुपित आईलाही सांगितले नाही, आणि आईनेही ते कोणाला सांगू नकोस असेच बजावले. आपल्या मुलाने गुपित राखले तर त्याला खोदून विचारू नका; त्याच्या हातून ते हरवले तर मात्र त्याला गप्प बसवू नका.