पिचकारी व घागर

धाड येथे एका परसात चार सवंगडी पिचकाऱ्यांनी एकमेकांस भिजवीत होते. खेळ संपला, आणि आई रिती घागर घेऊन पुनः विहिरीकडे निघाली. मुलांनी पाप केले काय?

खेळ हे पाप नव्हे. यरुशलेमेच्या रस्त्यांत खेळणारी मुले ही देवाच्या कृपेची खूण होय, असे जखऱ्याच्या ८ व्या अध्यायावरून दिसते. परंतु तिघा वीरांनी जीव धोक्यात घालून आणिलेल्या बेथलेहेमच्या पाण्यात दाविदास त्यांचे रक्त दिसले. ते न पिता त्याने परमेश्वरापुढे ओतिले (२ शमुवेल २३). पाणी देवाचे, परंतु घागरीमागील श्रम माणसाचे. म्हणून मुलांना खेळू द्यावे. मात्र खेळाची घागर त्यांनी स्वतःच भरून आणावी.