विकत मिळणारा महाप्रसाद

परगावी पैसे मोजून घेतलेले एखादे जेवण प्रवाशाच्या स्मरणात वर्षानुवर्षे राहते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा असला तरी भारतीय धर्मविचाराच्या दृष्टीने त्यातून एक अवघड प्रश्न निर्माण होतो : ज्याची किंमत वसूल झाली त्या अन्नाला पावित्र्य असू शकते काय? तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाला ब्रह्म म्हटले आहे आणि वस्तीला आलेल्या कोणालाही विन्मुख न पाठवण्याचे व्रतही तेथेच सांगितले आहे; गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःपुरते रांधणाऱ्याला पापाचा धनी ठरवले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आपद्धर्माचे, म्हणजे संकटकाळी उपजीविकेसाठी पत्करावयाच्या मार्गांचे विवेचन करताना, व्यापाराकडे वळलेल्या ब्राह्मणाने जे पदार्थ विकू नयेत त्यांत शिजवलेल्या अन्नाची गणना केली आहे. अन्न द्यावे, त्याचा विक्रय करू नये, असा या परंपरेचा एकंदर कल आहे, आणि म्हणूनच अन्नछत्राला जे पुण्य चिकटले ते खाणावळीच्या वाट्याला कधी आले नाही.

या धारणेला सर्वांत ठळक अपवाद पुरीच्या जगन्नाथमंदिरात आढळतो. मंदिराच्या स्वयंपाकघरात ‘सुआर’ या नावाने ओळखले जाणारे वंशपरंपरागत आचारी लाकडाच्या जाळावर मातीची मडकी एकावर एक रचून भात, डाळ आणि भाज्या शिजवतात. कांदा, लसूण, बटाटा आणि टोमॅटो यांना तेथे मज्जाव आहे, आणि एकदा वापरलेले मडके पुन्हा चुलीवर चढत नाही. हे अन्न प्रथम जगन्नाथाला आणि नंतर त्याच आवारातील विमलादेवीला अर्पण केले जाते, आणि या दुसऱ्या अर्पणानंतरच त्याला ‘महाप्रसाद’ ही संज्ञा प्राप्त होते. त्यानंतर ते बाहेरच्या तटाच्या आत, ईशान्य बाजूस असलेल्या आनंदबाजारात विक्रीला येते. आनंदबाजार हा शब्दशः बाजारच आहे : मडक्यांच्या रांगा मांडलेल्या असतात, भाव ठरतो, घासाघीस होते, आणि दूरदूरहून आलेली कुटुंबे तेथेच जमिनीवर बसून केळीच्या पानावर जेवतात. टेबलखुर्चीची तेथे सोय नाही आणि अपेक्षाही नाही.

या बाजारात धर्मशास्त्राला धक्का देणारी गोष्ट विक्रीहून वेगळी आहे. गिऱ्हाईक मडक्यातला घास हाताने घेऊन चाखते, पसंत न पडल्यास पुढे जाते, आणि त्याच मडक्यातले अन्न पुढचा यात्रेकरू निःशंकपणे विकत घेतो. इतरत्र ‘उच्छिष्ट’, म्हणजे दुसऱ्याच्या स्पर्शाने किंवा तोंडाने उष्टे झालेले अन्न, हे अशुद्धीचे मूळ मानले जाते. महाप्रसादाला मात्र उष्टेपणाचा दोष लागत नाही, कारण तो मुळातच देवाचा शेष आहे आणि देवाच्या मुखापुढे कोणत्याही मनुष्याचा विटाळ टिकत नाही, अशी त्यामागची भूमिका आहे. कोणी शिजवले, कोणी वाढले, शेजारी कोण बसले, हे येथे विचारायचे नसते. ओडिशात आणि छत्तीसगडात दोन व्यक्ती महाप्रसादाची देवाणघेवाण करून आजन्म मैत्रीने बांधल्या जातात आणि पुढे एकमेकांना ‘महाप्रसाद’ याच नावाने हाक मारतात, यावरून या अन्नाचे सामर्थ्य लक्षात यावे.

म्हणजे पावित्र्याचे गमक मूल्याच्या अभावात शोधणे चुकीचे ठरते. फुकट वाढलेली पंगतही जातीप्रमाणे विभागलेली असू शकते, आणि महाराष्ट्रात ती शतकानुशतके तशी होतीच. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, तो याच रोटीव्यवहाराच्या, म्हणजे कोणी कोणासोबत खावे याच्या, बंधनांमुळे. पंढरपूरच्या वारीची सांगता करणारा गोपाळपूरचा काला या बंधनांना वर्षातून एकदा बाजूला सारतो. पुरीचा बाजार ते काम रोज करतो. प्रवाशाला असे जेवण विसरता येत नाही याचे कारण चवीपेक्षा खोल आहे, कारण आपले गाव, कूळ आणि पंगतीतले ठरलेले स्थान मागे ठेवून, केवळ भुकेल्या मनुष्याच्या नात्याने जेवण्याची संधी त्याला क्वचितच मिळते.

तथापि या समतेची मर्यादा नजरेआड करणे हा त्या अन्नाचाच अवमान होईल. जातिभेद न मानणाऱ्या महाप्रसादाचा गौरव होत असतानाच ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांना दीर्घकाळ मंदिरात प्रवेश नव्हता. गांधीजींनी 1934 साली अस्पृश्यतानिवारणाची ओडिशातील पदयात्रा पुरीहूनच सुरू केली. 1938 साली देलांग येथील गांधी सेवा संघाच्या बैठकीच्या वेळी कस्तुरबा या मंदिरात जाऊन आल्या, तेव्हा हरिजनांना बंद असलेल्या दाराने त्या आत गेल्या याचे गांधीजींना तीव्र दुःख झाले. ते दार पुढे हिंदू समाजातील सर्वांना खुले झाले, परंतु अहिंदूंना आजही आत सोडले जात नाही. महाप्रसाद मात्र सिंहद्वारातून बाहेर नेता येतो आणि बाहेर तो कोणत्याही धर्माच्या मनुष्याच्या हाती पडू शकतो, तरी त्याचे पावित्र्य कमी होत नाही. ज्या मनुष्याच्या हातात हे अन्न विटाळत नाही, त्याच्या पावलांनी ते शिजते ते आवार विटाळते, हे म्हणणे महाप्रसादाच्या सिद्धांतातच बसत नाही, आणि प्रवेशाचा हा निर्बंध देवस्थानाने त्याच सिद्धांताच्या आधारे मागे घेतला पाहिजे.